भैरवीने सुरू झालेला डिस्को

हॅम्बुर्गच्या ‘स्कूटर’ या टेक्नो गटाचा पहिला अल्बम १९९५ साली आला. आदल्याच वर्षी त्यांच्या ‘हायपर हायपर’ने युरोपातले डान्स फ्लोअर हलवले होते, त्यामुळे अल्बमला गिऱ्हाईक तयारच होतं. त्यातल्या संगीताची कृती अवघड नाही. यंत्राने दिलेला चार मात्रांचा धडधडता ठोका, त्याच्याखाली न थकता फिरणारं बासचं आवर्तन, वर सिंथेसायझरची चटकन डोक्यात बसणारी धून, आणि या सगळ्यावर एच. पी. बॅक्स्टर नावाच्या सोनेरी केसांच्या गृहस्थांची आरोळी. यातली आरोळी सोडली, तर बाकीच्या तिन्ही गोष्टी मुंबईत १९८२ सालीच एका तबकडीवर छापून बाजारात आल्या होत्या. मुंबईला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

नव्वदच्या दशकात केबल आली. अंधेरी-बोरिवलीच्या बैठकीच्या खोल्यांत एमटीव्ही आणि चॅनल व्ही दिसू लागले आणि फ्रँकफर्टच्या ‘स्नॅप’चं ‘रिदम इज अ डान्सर’ कॅसेटवर वाजू लागलं. तेव्हा हे संगीत आपल्याला अगदी परदेशी, यांत्रिक आणि नवंकोरं वाटलं. वाटणं साहजिकच होतं. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची एलपी तोवर दुकानांतल्या मागच्या फळीवर पडून होती.

ती वाजवणारे चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. पडद्यावर नाव येत नाही, पण आवाज सगळ्या देशाच्या कानात असतो, त्या जमातीतले. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी बास गिटार, गिटार आणि नंतर सिंथेसायझर वाजवला. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या (१९७१) ‘दम मारो दम’मध्ये गिटारच्या मागे एक गुंगी आणणारा सूर घोंगावत राहतो. तो चरणजित सिंगांच्या ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अकॉर्डियनचा. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा पत्नी सुपर्णा यांच्यासह त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा लग्नाच्या रिसेप्शनांत आणि पार्ट्यांत वाजायचा. शिवाय सिनेगीतांच्या धून वाद्यावर वाजवलेल्या त्यांच्या एलपीही निघत होत्या.

आज तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला आहे, म्हणून दोन शब्द. व्हॅन शिपलींची इलेक्ट्रिक गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन, कोलकात्याच्या सुनील गांगुलींची हवाईयन गिटार अशा एलपी एका काळी घरोघर असत. गायकाशिवायचं गाणं, पाहुणे आले की हळू आवाजात लावायचं. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली मिनिटं भरायलाही ते सोयीचं. कंपनीला खर्च कमी, वादकाला थोडं नाव, आणि गिऱ्हाइकाला चाल ओळखीची. चरणजित सिंगांनी याच साच्यात एक गोष्ट बदलली. चाली सिनेमाच्या घेतल्या नाहीत, रागांच्या घेतल्या. ठेका तबल्याचा घेतला नाही, यंत्राचा घेतला. त्या काळी सिनेमात जिकडेतिकडे डिस्को चालू होता, तेव्हा डिस्कोच वापरून काही वेगळं करावं एवढाच विचार होता, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. दुसऱ्यांच्या चालींवर काढलेल्या एलपींपेक्षा या एका कामाला ते जास्त मोल देत, आणि ते बरोबरच होतं.

हा डिस्को मुंबईत आला कसा? त्याची एक वाट जर्मनीतूनच येते. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर याने डोना समरच्या ‘आय फील लव्ह’ची जवळजवळ सगळी साथसंगत सिंथेसायझरवर केली आणि नाचाच्या गाण्यात माणसाच्या हातांची गरज किती, असा प्रश्न उभा केला. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कने तर यंत्र हाच विषय केला. १९८१ चा त्यांचा अल्बम संगणकाच्या जगावरच होता. हा वारा लंडनहून इकडे आला तो मूळच्या बंगळुरूच्या बिड्डू यांच्या मार्फत. ‘कुर्बानी’मधलं (१९८०) नाझिया हसनचं गाणं त्यांचं, आणि पुढच्या वर्षीचा ‘डिस्को दीवाने’ही. १९८२ संपता संपता बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’ आला. चरणजित सिंगांची एलपी त्याच वर्षीची. म्हणजे बाजाराचा वारा त्यांच्या बाजूने होता असं म्हणायला हरकत नाही.

सिंथेसायझरही भारतात अगदीच अनोळखी नव्हता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने १९६९ साली मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला होता आणि गीता साराभाई व इतरांनी त्यावर प्रयोग करून फिती भरल्या होत्या. त्या फिती पुढे कित्येक दशकं कपाटातच राहिल्या. मुंबईच्या सिनेसंगीतात सिंथेसायझर रुळवण्यात केर्सी लॉर्ड यांचा मोठा वाटा. पण तिथे त्याचं काम शंभर वादकांच्या ताफ्यात मधूनच एखादा चमत्कारिक आवाज काढण्याचं. भुताचा प्रवेश, प्रयोगशाळा, स्वप्न. अख्खी तबकडी यंत्रांवर काढायची हे कुणी केलं नव्हतं.

चरणजित सिंगांकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती, सिंगापूरहून आणलेली. परवाना आणि जकातीच्या त्या दिवसांत परदेशी वाद्य इथल्या दुकानात सहज मिळत नसे. वादक परदेश दौऱ्यावर गेले की सामानातून घेऊन येत.

पहिलं यंत्र ज्युपिटर-८ हा महागडा सिंथेसायझर. एका वेळी आठ स्वर वाजवणारा, १९८१ सालचा. वरच्या सगळ्या आलापी, ताना यावर. दुसरं टीआर-८०८ हे तालयंत्र, १९८० चं. त्यात खऱ्या ड्रमचा ध्वनिमुद्रित आवाज नाही, सगळे आवाज विजेच्या मंडलांतून घडवलेले. खालचा ड्रम पोटात घुमणारा, झांज थोडी खरखरीत. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ती खरखर मिळावी म्हणून मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते, आणि पुढे तसे मिळेनासे झाले म्हणून यंत्रच बंद पडलं. १९८३ पर्यंत जेमतेम बारा हजार नग निघाले. तेव्हा त्याची थट्टाच झाली. आज जगातल्या कितीतरी रॅप गाण्यांत त्याचाच घुमारा ऐकू येतो.

तिसरं यंत्र टीबी-३०३, आणि खरी गोष्ट याची आहे. तादाओ किकुमोतो यांनी बनवलेली ही छोटी चंदेरी पेटी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून होती. खऱ्या बास गिटारसारखा तिचा आवाज येत नसे. स्वर भरायची पद्धत तर छळवादी. आधी सोळा घरांतले स्वर ओळीने द्यायचे, मग वेगळ्याने त्यांचा वेळ द्यायचा, मध्ये एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सुमारे दहा हजार नगांनंतर १९८४ साली रोलँडने ती बंद केली आणि उरलेल्या पेट्या जुन्या बाजारात कवडीमोलाने जाऊ लागल्या.

पण त्या पेटीत दोन करामती होत्या. एक गाळणीची. आवाजातले कोणते भाग जाऊ द्यायचे आणि कोणते अडवायचे ते एका खुंटीने ठरतं. दुसऱ्या खुंटीने अडवण्याच्या नेमक्या जागेवरचा भाग फुगवता येतो. दोन्ही फिरवल्या की बासचा सूर ओला, चिकट, किंचाळणारा होतो. दुसरी करामत घसरण्याची. नेहमी यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारतं, कारण विजेचा दाब एकदम बदलतो. ३०३ मध्ये एखाद्या घरावर खूण केली, की दाब सावकाश चढतो किंवा उतरतो आणि स्वर घसरत पुढच्या स्वरावर जातो. आपल्याकडच्या कुठल्याही शिकाऊ सतारियाला याचं नाव सांगावं लागणार नाही. मींड.

राग आणि यंत्र यांची गाठ इथे पडते. निवडलेले दहा राग पाहा. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यातले भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी उघडच औडव, पाचच स्वरांचे. पाच स्वर सोळा घरांत बसवणं सोपं. कुठलाही स्वर कुठेही पडला तरी रागाची ओळख बरीचशी टिकते, आणि आवर्तन पन्नास वेळा फिरलं तरी कान थकत नाही. रागसंगीतात हार्मनी नाही, कॉर्ड बदलत नाहीत, सगळा डोलारा एका षड्जावर उभा. पाश्चात्य गाण्याचा बास दर दोन-चार मात्रांना कॉर्डमागे धावतो, त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा नवं भरावं लागतं. रागात बासला कुठे जायचंच नसतं. एकदा भरला की पाच मिनिटं तोच. यंत्राची जी मर्यादा ती इथे गैरसोय उरतच नाही.

तबल्याच्या स्वतंत्र वादनाला बसलेल्यांना ही रचना आणखी एका कारणाने ओळखीची वाटेल. पेटीवाला किंवा सारंगिया एकच ओळ, लेहरा, न चुकता धरून ठेवतो आणि तबलजी तिच्यावर खेळतो. चरणजित सिंगांच्या तबकडीवर ३०३ लेहरा धरते, ८०८ ठेका देते, आणि खेळतो तो ज्युपिटरवरचा उजवा हात. प्रत्येक तुकडा साधारण पाच मिनिटांचा. आरंभी थोडी लयीबाहेरची आलापी, मग ठोका सुरू, मग चढत्या-उतरत्या तानांचा पाऊस. बैठकीचं आटोपशीर रूपच म्हणा. सम मात्र शोधू नका. चार मात्रांचे चारही ठोके सारख्याच वजनाचे आहेत, त्यामुळे समेवर येण्याचं सुख यात नाही. मला ही या तबकडीची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

दुसरी उणीव स्वरांची. ३०३ ची घसरण ठरलेल्या वेळाची, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. सतारीवरची मींड कितीही रेंगाळते, आणि कुठे रेंगाळायचं ते वादक ठरवतो. शिवाय यंत्राचे बारा स्वर समान अंतरावर पक्के. तोडीचा गंधार कोमलाहूनही उतरलेला आणि झुलता हवा. इथे तो कापून ठेवल्यासारखा सरळ येतो आणि तोडी ओळखू येते एवढंच. उलट ललत अनपेक्षित खुलतो. पंचम नाही, दोन्ही मध्यम एकापाठोपाठ, मुळातच अधांतरी चालणारा राग. त्याला ३०३ चा तो चिकट आवाज असा काही लागू पडतो की हा राग पहाटेचा म्हणून सांगणाऱ्यांनी या रूपातल्या पहाटेचा विचार केला नसेल. कलावती आपल्याकडे प्रभा अत्रे यांच्या मारूबिहाग-कलावतीच्या रेकॉर्डने घरोघर पोचली. त्या कानांनी इथली कलावती ऐकणं म्हणजे ओळखीच्या बाईंना हेल्मेट घालून मोटरसायकलवर जाताना पाहणं. दचकायला होतं, पण बाई त्याच आहेत.

क्रमाची गंमत वेगळीच. पहिल्या बाजूचा पहिला राग भैरवी! भैरवी लागली की चपला शोधायच्या, हे मैफलीला जाणाऱ्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इथे तिथूनच आरंभ, आणि शेवट सकाळच्या बैरागीने. समयचक्र वगैरे काही पाळलेलं नाही. बैरागी तर पंडित रविशंकरांमुळे लोकप्रिय झालेला राग. तो भैरवी-यमनाच्या पंगतीला बसवलाय, यावरून निवड घराण्याच्या हिशेबाने केलेली नाही हे कळतं. हाताला काय बसतं आणि यंत्राला काय पेलतं, हा वादकाचा हिशेब होता.

तबकडी खपली नाही. तिचे काही भाग तेव्हा रेडिओवर वाजले म्हणतात, पण पुढे काही घडलं नाही. कारणं शोधायला लांब जायला नको. डिस्को हवा होता त्यांना गाणं हवं होतं, आशा भोसले हवी होती, पडद्यावर मिथुन हवा होता. राग हवे होते त्यांना ८०८ चा ठोका ऐकवणं म्हणजे सवाई गंधर्वच्या मंडपात फटाके लावण्यासारखं. आणि पाहुण्यांसाठी हळू लावायला ती फारच चंचल होती. चरणजित सिंग पुन्हा आपल्या रेकॉर्डिंगांकडे आणि लग्नाच्या ऑर्डरींकडे वळले. असा दुसरा प्रयोग त्यांनी केला नाही.

इकडे अमेरिकेत जुन्या बाजारातल्या त्या ३०३ पेट्या शिकागोच्या पोरांच्या हाती लागल्या. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ने पेटीला वापरायची पुस्तिका बाजूला ठेवून नुसत्या खुंट्या फिरवल्या. त्यातून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधली तरुण पिढी रात्र रात्र त्यावर नाचत होती, आणि अ‍ॅसिड हाउस या नावाचं प्रकरण सुरू झालं. जर्मनीतला टेक्नो, बर्लिनची भिंत पडल्यावर रिकाम्या गोदामांत सुरू झालेले क्लब आणि अखेर स्कूटरसारखे गट, या सगळ्यांच्या पूर्वजांत ती चंदेरी पेटी आहे.

२००२ साली एडो बाउमन या नेदरलंड्सच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजित सिंगांची एलपी सापडली. त्याने ती लावली आणि त्याला पाच वर्षं नंतरचा आवाज पाच वर्षं आधीच्या तबकडीतून ऐकू आला. पुढे तो चरणजित सिंगांना मुंबईत भेटला आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर त्याने ती पुन्हा काढली. युरोपातल्या जाणकारांची पहिली प्रतिक्रिया होती, ही थाप आहे. कुणातरी खोडकर इंग्रज संगीतकाराने आताच बनवून जुनं कव्हर चढवलं असणार. चरणजित सिंग खरोखर आहेत आणि मुंबईत राहतात, हे कळल्यावर मग मथळे उलटे झाले : अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईचा!

पुष्पक विमानावर वाढलेल्या आपल्याला असे मथळे फार आवडतात. पण पाठीवर थाप मारून घेण्याआधी थोडं थांबायला हवं. मुंबईची न खपलेली एलपी शिकागोत कुणी ऐकली होती याला काडीचा पुरावा नाही. तिघा पोरांनी जे केलं ते स्वतःच केलं. आणि दोन्हीकडचं काम एकही नाही. शिकागोत बासचे स्वर तेच राहतात आणि आवाजाचा पोत फिरत राहतो. संगीत त्या खुंटीत आहे. मुंबईत पोत बहुतांशी जिथल्या तिथे राहतो आणि वरचे स्वर फिरतात. संगीत रागात आहे. पेटी एकच होती, तिच्यात घसरण होती, पुनरावृत्ती होती. एकाने त्यातली एक वाट घेतली, दुसऱ्यांनी दुसरी. जनकत्वाचा वाद कोर्टात न नेलेलाच बरा. स्वतः चरणजित सिंगांनाही अ‍ॅसिड हाउस हे नाव ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर ते फारसे हुरळले नाहीत.

हुरळले नाहीत, पण वाजवायला गेले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपच्या दौऱ्यांवर गेले आणि नातवंडं शोभतील अशा श्रोत्यांपुढे त्यांनी तेच दहा राग वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मुंबईच्या उपनगरांचा या गोष्टीशी संबंध यंत्रांच्या पुढच्या प्रवासातून येतो. रोलँडने १९८५ साली आठ रबरी चौकोनांची एक पाटी काढली, ऑक्टोपॅड. काठीने चौकोन बडवला की जोडलेल्या ध्वनियंत्रातून ड्रमपासून ढोलकीपर्यंत हवा तो आवाज. ३०३ कुणाच्या गावीही नव्हती, ऑक्टोपॅड मात्र गल्लीगल्लीत पोचला. मुलुंडच्या कालिदासमधल्या आणि बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्रांत तो आला. घाटकोपर-भांडुपच्या टेकड्यांवरच्या बेंजो पार्ट्यांनी तो गळ्यात अडकवला. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोवर कोळीगीत, खाली कीबोर्डचा बास आणि ऑक्टोपॅडवरचा घुमता ठोका ऐकताना लक्षात येतं, की यंत्राच्या ठोक्यावर देशी चाल ही कल्पना इथे कुणाच्याही मदतीशिवाय रुजली. त्या पोरांपैकी कुणी चरणजित सिंगांचं नाव ऐकलं असेल असं नाही. तीही शिकागोसारखीच दुसरी, स्वतंत्र वाट.

दुसरा परिणाम इतका रंगीत नाही. सिनेसंगीतात शंभर-शंभर वादक एका छताखाली बसून वाजवत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओसारख्या मोठ्या दालनांत. गोव्याचे व्हायोलिनवादक, पारशी, पंजाबी, बंगाली आणि मराठी वादक, सगळ्यांचा संसार त्या पाळ्यांवर चाले. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक आले आणि तीच कामं दोन-तीन माणसांत उरकू लागली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या पुस्तकात या वादकांच्या आठवणी गोळा केल्या आहेत. काम आटलं कसं, हे त्यात त्यांच्याच तोंडून वाचायला मिळतं. आज अंधेरी पश्चिमेला ओशिवरा-वर्सोव्याच्या फ्लॅटांत, भिंतींना स्पंज लावलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत सिनेमाची गाणी तयार होतात. तिथे ८०८ संगणकाच्या पडद्यावरचं एक चित्र आहे, आणि ३०३ सुद्धा. खरी पेटी जमवणाऱ्यांच्या बाजारात लाखांनी विकली जाते. रेकॉर्डिंगवर पोट असलेल्या एका वादकाने ती हौसेने सिंगापूरहून आणली, तेव्हा आपल्याच पेशाची पुढची पन्नास वर्षं तो सामानात भरून आणतोय हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं.

ही तबकडी आज इंटरनेटवर सहज मिळते. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, त्यात बास मरतो आणि उरतात नुसत्या ताना. बरे हेडफोन किंवा मोठा स्पीकर घ्या. क्रमाने जायचीही गरज नाही. आधी ललत, मग कलावती, मग पावसाळा असेल तर मेघमल्हार. तोडी शेवटी ठेवा, नाही ऐकलीत तरी चालेल.